बिलांवरून गरज कळते का? जपानच्या आरोग्य-आराखड्याचा एक हिशेब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

 

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. एखाद्या भागात म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढत चालली, तर तिथे पुढच्या दहा-वीस वर्षांत किती रुग्णखाटा लागतील, कुठल्या प्रकारच्या लागतील, हे संगणकाच्या मदतीने ठरवायचं. या कामात जपानइतका मोठा प्रयोग क्वचितच कुठे झाला असेल. म्हणून मी आज जपानबद्दलच बोलणार आहे. शेवटी थोडा वेळ कोकणात येईन, आणि का येतोय तेही सांगेन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढचं तपासून बघता येईल. या साधनांनी काल झालेल्या उपचारांची बिलं मोजली आणि त्याला उद्याची गरज म्हटलं. आणि मोजताना मध्येच काही धोरणाचे निर्णय घेतले, ते मात्र अंदाज म्हणून लोकांसमोर ठेवले. माझी टीका या दोन गोष्टींवर आहे. संगणक वापरला याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आधी परिस्थिती

जपानमध्ये १९७० साली पासष्टीच्या पुढची माणसं शंभरात सात होती. १९९४ मध्ये ती चौदा झाली. आज एकोणतीस आहेत. युद्धानंतर, १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत तिथे प्रचंड मुलं जन्मली. त्या पिढीला ते 'दांकाई' म्हणतात. ही सगळी पिढी २०२५ पर्यंत पंच्याहत्तरीच्या पुढे जाणार, हे सगळ्यांना कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्यामुळे २०२५ हे साल तिथल्या नियोजनकारांच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती न सांगता टीका करणं बरोबर नाही. जपानमध्ये हजार लोकांमागे बाराहून अधिक खाटा आहेत. श्रीमंत देशांत हे प्रमाण सर्वांत वरच्यांपैकी एक. माणसं रुग्णालयात फार दिवस राहतात. दहापैकी सुमारे आठ रुग्णालयं खाजगी, त्यामुळे सरकारने नुसता हुकूम काढून काही होत नाही. म्हणजे काहीतरी करायला हवं होतं यात वाद नाही.

मग २०१४ साली कायदा झाला. देशात ४७ प्रीफेक्चर आहेत, म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखे पण आकाराने बरेच लहान प्रशासकीय विभाग. प्रत्येकाने आपल्या हद्दीचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागासाठी २०२५ चा आराखडा करायचा. देशभर असे सुमारे ३४० भाग झाले. आकडेमोडीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर दिलं.

यंत्राच्या पोटात काय आहे?

आता हे सॉफ्टवेअर काय करतं ते बघू. अवघड नाही. आपल्या वाण्याच्या वहीइतकंच आहे, फक्त वही फार मोठी आहे.

जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येकाला आरोग्य विमा आहे. जवळजवळ प्रत्येक उपचाराचं बिल विम्याकडे जातं आणि ती बिलं एका राष्ट्रीय नोंदीत साठतात. सॉफ्टवेअरने त्यातलं २०१३ हे वर्ष घेतलं. दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णावर रोज किती उपचार झाले, हे पॉइंटांमध्ये मोजलं. एक पॉइंट म्हणजे दहा येन. खाटेचं मूळ भाडं त्यातून वगळलं.

दिवसाला ३००० पॉइंट किंवा जास्त, तर तो रुग्ण 'अतितीव्र'. ६०० ते ३०००, तर 'तीव्र'. १७५ ते ६००, तर 'सावरणारा'. आणि चौथा गट 'दीर्घकालीन', त्याचा हिशेब वेगळा. मग वय आणि स्त्री-पुरुष यांनुसार प्रत्येक गटाचं प्रमाण काढलं, त्याला २०२५ च्या अंदाजित लोकसंख्येने गुणलं. खाटा कधीच शंभर टक्के भरलेल्या नसतात, म्हणून अतितीव्रला ७५ टक्के, तीव्रला ७८, सावरणाऱ्यांना ९० आणि दीर्घकालीनला ९२ टक्के वापर धरून भागलं. आकडा तयार.

देशाची बेरीज आली ११ लाख ९१ हजार खाटा. २०१५ मध्ये प्रत्यक्षात होत्या सुमारे साडेबारा लाख. तीव्र खाटा जवळपास सहा लाख होत्या, त्या चार लाखांवर याव्यात. सावरणाऱ्यांसाठीच्या एक लाख तीस हजार होत्या, त्या पावणेचार लाख व्हाव्यात. असा तो निष्कर्ष.

इथे जरा थांबू या. मला दोन ठिकाणी अडखळायला होतं.

पहिलं. ६०० पॉइंट म्हणजे दिवसाला ६००० येनचे उपचार. ऐंशी वर्षांच्या आजींना न्यूमोनिया झाला. चार दिवस सलाइन, अँटिबायोटिक, मग हळूहळू जेवण सुरू. बिल कमी होत जातं. पण आजींना उठवून बसवणं, घास नीट गिळता येतोय का बघणं, रात्री गोंधळल्या तर जवळ बसणं, हे सगळं वाढत जातं. हे काम नर्स करते, मदतनीस करते, आणि त्याचा मोठा भाग त्या वगळलेल्या मूळ भाड्यातच बसलेला असतो. म्हणजे म्हातारपणी ज्या कामाची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेच मोजपट्टीत सर्वांत कमी दिसतं.

दुसरं जास्त गंभीर आहे. दीर्घकालीन गटाचा हिशेब वेगळा, असं मी मघाशी म्हटलं. त्यात काय केलं? ज्यांना वैद्यकीय उपचार सर्वांत कमी लागतात अशा दीर्घकालीन रुग्णांपैकी ७० टक्के लोक पुढे रुग्णालयात नसतील, घरी किंवा वृद्धांच्या निवासात असतील, असं गृहीत धरलं. असे सगळे मिळून देशभरात साधारण तीन लाख लोक रुग्णालयाबाहेर सांभाळावे लागतील, असं त्याच हिशेबातून निघालं.

आता मला सांगा, ७० टक्के हा आकडा बिलांतून आला का? नाही. तो कुणीतरी ठरवला. ठरवायलाही हरकत नाही, सरकारचं ते कामच आहे. पण 'तीन लाख माणसांना आम्ही घरी पाठवायचं ठरवलं' हे वाक्य एक आहे, आणि '२०२५ मध्ये ११ लाख ९१ हजार खाटांची गरज असेल' हे वाक्य दुसरं. पहिल्या वाक्यावर भांडता येतं. त्या घरी कोण आहे हे विचारता येतं. जपानमध्ये 'रोरो काइगो' असा शब्दच आहे, म्हणजे म्हाताऱ्यानेच म्हाताऱ्याला सांभाळणं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बायको ब्याऐंशी वर्षांच्या नवऱ्याला अंघोळ घालते. सूत्रात तिच्यासाठी रकाना नाही. दुसऱ्या वाक्याशी मात्र कोण भांडणार? ते गणित म्हणून आलेलं असतं.

घरबसल्या बघता येणारं साधन

सगळी साधनं सरकारी आहेत असं नाही. जपान मेडिकल असोसिएशनचं 'जेमॅप' नावाचं साधन कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येतं. गावाचं नाव टाका, पुढच्या काही दशकांत तिथली वैद्यकीय मागणी वाढेल की घटेल, याची रेघ समोर येते. मला हे साधन आवडतं, कारण ते आपलं गणित लपवत नाही. अनेक वर्षं वापरलेला त्यांचा हिशेब असा: चौदा वर्षांपर्यंतच्या माणसाला ०.६, पंधरा ते एकोणचाळीसला ०.४, चाळीस ते चौसष्टला १, पासष्ट ते चौऱ्याहत्तरला २.३, आणि पंच्याहत्तरीपुढे ३.९.

करून बघू. गावातून एक हजार तरुण शहरात गेले. मागणी ४०० ने घटली. पंच्याहत्तरी ओलांडलेले १०३ लोक वाढले, की ती भरून निघाली. रेघ सपाट राहिली. रेघ बघणारा म्हणेल, या गावात काही बदललं नाही.

पण नर्स कुठून येते? त्या हजार तरुणांतूनच यायची ना! रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, घरी जाऊन अंग पुसणारी मुलगी, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे त्यातलेच. मागणीच्या रेघेला हे दिसत नाही. ती फक्त किती माणसं दाराशी येतील ते सांगते, दार उघडायला कोण उरलंय ते सांगत नाही. शिवाय हे गुणक देशाच्या सरासरीचे. डोंगरातल्या गावातला पंच्याहत्तरीचा शेतकरी आणि टोकियोतला पंच्याहत्तरीचा निवृत्त कारकून, दोघेही ३.९.

२६ सप्टेंबर २०१९

इथवर आपण साधनातल्या उणिवा बघितल्या. उणीव प्रत्येक साधनात असते. त्या उणिवेसह त्याचा निकालपत्रासारखा वापर झाला, की काय होतं ते आता सांगतो.

२६ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य मंत्रालयाने एक यादी जाहीर केली. १४५५ सरकारी आणि निमसरकारी रुग्णालयं तपासली होती. त्यातल्या ४२४ रुग्णालयांनी आपल्या अस्तित्वाचा आणि कामाचा फेरविचार करावा, असं त्यात नावानिशी म्हटलं होतं. एकट्या होक्काइदोतली ५४, निइगातातली २२.

निकष दोन. कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, तातडीची सेवा, बालरोग, प्रसूती, आपत्ती, दुर्गम भाग आणि प्रशिक्षण, या नऊ क्षेत्रांत काम फारच कमी असणं. किंवा मोटारीने वीस मिनिटांच्या आत तसंच काम करणारं दुसरं रुग्णालय असणं. माहिती होती २०१७ ची. आणि खाजगी रुग्णालयं यादीत नव्हतीच.

त्या नऊ क्षेत्रांची यादी पुन्हा ऐका. डिमेन्शिया आहे? नाही. डॉक्टर घरी जाऊन उपचार करतात, ते आहे? नाही. शेवटच्या दिवसांतली काळजी? तीही नाही. देश म्हातारा होतोय म्हणून आराखडा करायला घेतला, आणि छोट्या गावातलं रुग्णालय म्हाताऱ्यांसाठी जे करतं, त्याचा रकानाच नाही. अशा रुग्णालयाचं काम कमी दिसणारच.

आणि वीस मिनिटं. निइगाता आणि होक्काइदो हे जपानचे भरपूर बर्फ पडणारे प्रदेश. जानेवारीतली वीस मिनिटं आणि जुलैतली वीस मिनिटं सारखी नसतात. गाडी चालवणं सोडलेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला तर 'मोटारीने' या शब्दाचाच उपयोग नाही.

गावागावांतून संताप उसळला. महापौर, गव्हर्नर चिडले. मंत्रालयाला सांगावं लागलं की यादी म्हणजे बंद करण्याचा आदेश नव्हे, चर्चा व्हावी म्हणून ती काढली. पण चर्चेसाठी कुणी आधी नाव छापतं का? आपल्या गावातलं रुग्णालय यादीत आहे असं वाचल्यावर तरुण नर्स तिथे नोकरीला येईल? रुग्ण नियमित तपासणीसाठी तिथेच जाईल? बंद पडेल अशी बातमी आली, की बंद पडायला सुरुवात होते. पुढच्याच वर्षी करोना आला आणि या यादीतल्या काही रुग्णालयांनीही ते रुग्ण घेतले. कमी काम म्हणून ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं, त्यांची राखीव क्षमता तेव्हा कामी आली.

बेरीज जुळली, वाटणी नाही

मग शेवटी झालं काय? ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. २०२३ पर्यंत देशातल्या एकूण खाटा सुमारे ११ लाख ९० हजारांवर आल्या. अंदाजाच्या अगदी जवळ. टाळ्या वाजवाव्यात असं. पण आत बघितलं तर तीव्र खाटा अजून पाच लाखांहून बऱ्याच जास्त, आणि सावरणाऱ्यांसाठीच्या दोन लाखांच्या आसपास. पावणेचार लाख म्हटलं होतं.

याचं एक कारण मोजण्यातच आहे. सॉफ्टवेअर एकेका रुग्णाचा एकेक दिवस मोजतं. रुग्णालयं मात्र दरवर्षी अख्ख्या वॉर्डाची माहिती कळवतात आणि चारपैकी एकच शिक्का निवडतात. पन्नास खाटांचा वॉर्ड घ्या. वीस जणांची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे, तीस जण सावरतायत. रुग्णालय लिहिणार 'तीव्र'. सूत्र म्हणणार, वीसच तीव्र. म्हणजे कागदावर तीस तीव्र खाटा जास्त आणि तीस सावरणाऱ्या कमी. त्या वॉर्डात मात्र कुणाचीच आबाळ झालेली नाही. दोन वेगळ्या मापांनी एकच कापड मोजलं आणि तफावतीला कमतरता म्हटलं.

हे नारा प्रीफेक्चरच्या लक्षात आलं. त्यांनी केंद्राचे चार शिक्के ठेवले, पण स्वतःसाठी 'तीव्र'चे दोन भाग केले: जड आणि हलके. पन्नास खाटांमागे दिवसाला शस्त्रक्रिया आणि तातडीच्या भरती मिळून दोन किंवा जास्त, तर जड. एवढा साधा निकष. रुग्णालयवाल्यांना तो कळला, पटला. त्याबरोबर त्यांनी दोन नावं दिली. एक, 'नाही न म्हणणारं रुग्णालय'. दुसरं, 'नीट काळजी घेणारं रुग्णालय'. दुसऱ्या प्रकाराला त्यांनी खालचा दर्जा दिला नाही, त्याचीही कामं मोजायला घेतली. साधनाला नाराने फेकून दिलं नाही. ते आपल्या हाताला येईल असं घासून घेतलं.

जपानच्या व्यवस्थेत मला कौतुकाचं वाटतं ते हेच. कायद्याने प्रत्येक भागात एक समन्वय बैठक असते. डॉक्टर, रुग्णालयं, विमा संस्था, नगरपालिका एकत्र बसतात. पूर्वी प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन यायचा, आता सगळ्यांसमोर एकच आकडा असतो. हे साधनाचं मोठं यश आहे. आता २०४० समोर ठेवून नवा आराखडा होतो आहे, आणि त्यात बाह्यरुग्ण, घरचे उपचार, वृद्धसेवा हेही धरायचं ठरलं आहे. म्हणजे जे रकाने नव्हते, ते उशिरा का होईना, आखले जातायत.

कोकणाचा संबंध काय?

तुम्ही म्हणाल, हे जपानचं आम्ही का ऐकायचं? आकडे सांगतो. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास पाच टक्क्यांनी घटली आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून थोडी अधिक. तरुण मुंबई-पुण्याला, मागे आई-वडील. चित्र ओळखीचं आहे ना?

आणि आपलं नियोजनाचं सूत्र काय? सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजारांमागे. डोकी मोजायची, वय नाही. लोकसंख्या घटली की सूत्राच्या मते केंद्राची गरज घटली. जेमॅपने निदान पंच्याहत्तरीच्या माणसाला ३.९ तरी धरलं. आपल्याकडे तो एकच. आणि डोकीसुद्धा २०११ ची. पुढची जनगणना २०२७ ची.

आता आपल्याकडेही डिजिटल नोंदी जमतायत. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, २०२४ पासून सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान कार्ड आहे, महात्मा फुले योजनेची बिलं आहेत. उद्या कुणीतरी ही बिलं घेऊन नकाशा काढणार. काढावाच. पण जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाचं बिल होतं. आपल्या या योजनांत मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांची नोंद होते. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर ओटीवरून न उतरलेल्या आजीचं बिलच झालेलं नाही. बिलांच्या नकाशात तिचं गाव निरोगी दिसेल.

तेव्हा असा नकाशा समोर आला, की मी तीन गोष्टी विचारेन. यात कोण आलंच नाही? सूत्रात कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला ठरवलेला? आणि ज्यांच्या गावाचा हा आकडा आहे, त्यांना तो बदलून मागायची सोय कुठे आहे? 

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, तुम्ही साधनांवर टीका केलीत, पण साधन नसेल तर निर्णय पुढाऱ्यांच्या मर्जीवर जाणार. ते जास्त वाईट नाही का?

हो, जास्त वाईट आहे. ज्याच्या मतदारसंघात वजन, त्याच्याकडे इमारत, हे आपण बघतोच. म्हणून आकडा हवाच. मी फक्त एवढंच म्हणतोय, की ७० टक्क्यांसारखा ठरवलेला आकडा वेगळ्या रंगात छापा आणि खाली लिहा की हा निर्णय आहे. पुढाऱ्याची मर्जी निदान निवडणुकीत पाडता येते. सूत्रात बसलेली मर्जी कुणाला दिसतच नाही, तर पाडणार कशी?

प्रश्न: ज्यांचं बिलच झालेलं नाही, अशांना मोजायचं कसं?

त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातात. त्यांच्या वहीत गरोदर बाया असतात, बाळं असतात, तिशीपुढच्यांची रक्तदाब-साखरेची तपासणी असते. त्यात आणखी तीन ओळी वाढवा: घरात सत्तरीपुढचं कोण आहे, ते स्वतः उठून चालतात का, आणि दिवसा त्यांच्याजवळ कोण असतं. फक्त या ओळींचे पैसे आशाताईंना वेगळे द्या. तेही काम आहे, आणि ते बिलात दिसलं पाहिजे.